ज्येष्ठ बँडची लघुमुद्रिका : हेवी मेटल संगीताच्या उत्तरकाळाविषयी एक विचार

प्रास्ताविक

कलावंताच्या उत्तरकाळाकडून रसिक आणि समीक्षक सर्वसाधारणपणे मोठ्या कृतीची अपेक्षा बाळगतात. आयुष्यभराचे संचित जिच्यात एकवटले आहे अशी बृहद् कादंबरी किंवा सर्व अनुभवांना कवेत घेणारे दीर्घकाव्य हे उत्तरकाळाचे योग्य फळ मानले जाते. ज्येष्ठ कलावंताने आकाराने लहान कृती दिली की ती उरल्यासुरल्या साहित्यातून बेतलेली असावी, असा संशय घेतला जातो. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या बाबतीत तर हा संशय अधिकच बळावतो. हा प्रकार मुळातच भव्यतेचा आहे. प्रचंड ध्वनी, दीर्घ रचना, एका कल्पनेभोवती गुंफलेल्या संपूर्ण ध्वनिमुद्रिका ही त्याची ओळख आहे. अशा परंपरेतील जुन्या बँडने चार-पाच गाण्यांची लघुमुद्रिका, म्हणजे रूढ भाषेत 'ईपी', प्रकाशित केली तर तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न उपस्थित होतो.

हा प्रश्न केवळ इंग्लंड-अमेरिकेतील बँडपुरता मर्यादित राहिलेला नाही. साहिल माखिजा यांनी २००० मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या 'डिमॉनिक रेझरेक्शन' या बँडने २०२० मध्ये, वीस वर्षे पूर्ण होत असताना, 'डिकेड्स ऑफ डार्कनेस' ही लघुमुद्रिका काढली. भारतीय मेटल संगीताच्या संदर्भात वीस वर्षांचे आयुष्य लाभलेला बँड ज्येष्ठच म्हटला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू या मुद्रिकेतील एकेका गाण्याचे रसग्रहण करणे हा नाही. ज्येष्ठ बँडच्या वाटचालीत लघुमुद्रिकेचे स्थान काय असते, आणि मुंबई व तिच्या उपनगरांच्या परिस्थितीत ते स्थान कसे बदलते, एवढाच विचार येथे केला आहे. मराठी संगीतसमीक्षेने या संगीताकडे क्वचितच लक्ष दिले असल्यामुळे काही पार्श्वभूमी विस्ताराने द्यावी लागेल, याची जाणीव आहे.

लघुमुद्रिकेचे रूप आणि आपला अनुभव

लघुमुद्रिका हे रूप प्रथम तंत्राने घडवले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घ तबकडी आणली, १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली आणि १९५२ च्या सुमारास त्याच लहान तबकडीवर दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी बसवणारी 'एक्स्टेंडेड प्ले' ही मधली सोय रूढ झाली. 'विस्तारित' असे नाव असलेली ही तबकडी आज 'लघु' म्हणून ओळखली जाते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. एका गाण्याच्या तुलनेत ती विस्तारित होती. पूर्ण ध्वनिमुद्रिकेच्या तुलनेत ती लघु ठरली. लघुता ही सापेक्ष असते, हे या नावातच नोंदले गेले आहे.

मराठी घरांना हे रूप अपरिचित नाही. भावगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या चार-चार गाण्यांच्या 'एचएमव्ही'च्या तबकड्या एका पिढीने जपून ठेवल्या आहेत. त्याआधीच्या पिढीने अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांचे गाणे तीन मिनिटांच्या तबकडीवर ऐकले. तासभर चालणारा ख्याल किंवा रात्रभर रंगणारे नाट्यपद तीन मिनिटांत आणताना या गायकांना रागाचे सार निवडावे लागले. त्या तबकड्यांकडे आज आपण अपुऱ्या मैफली म्हणून पाहत नाही. संक्षेप हे बंधन असले, तरी त्या बंधनाने एक स्वतंत्र कलारूप निर्माण केले, हे आपण मान्य केले आहे. मेटलच्या लघुमुद्रिकेचा विचार करताना हा अनुभव उपयोगी पडतो.

मात्र एक फरक आहे. तीन मिनिटांची तबकडी गायकावर लादली गेली होती. आजचा बँड लघुमुद्रिका निवडतो. डिजिटल प्रकाशनात वेळेची मर्यादाच राहिलेली नाही. त्यामुळे लघुतेचा अर्थ तंत्रात शोधून भागत नाही. तो मिनिटांतही सापडत नाही. 'स्लेयर' या अमेरिकन बँडची १९८६ ची 'रेन इन ब्लड' ही दहा गाण्यांची कृती सुमारे २९ मिनिटांची आहे, आणि ती पूर्ण ध्वनिमुद्रिका म्हणूनच नव्हे तर या प्रकारातील एक शिखर म्हणून गणली जाते. 'मेटॅलिका'ची २०११ मधील 'बियॉण्ड मॅग्नेटिक' ही चार गाण्यांची कृतीही सुमारे २९ मिनिटांचीच आहे. पण ती लघुमुद्रिका म्हणून ओळखली जाते. तेवढ्याच अवधीच्या दोन कृतींपैकी एक पूर्ण आणि दुसरी लघु का मानली जाते? याचे उत्तर असे देता येईल की लघुता ही काळाची नसून दाव्याची असते. 'ही आमची आजची संपूर्ण भूमिका आहे' असा दावा ध्वनिमुद्रिका करते. लघुमुद्रिका तो दावा करीत नाही. ज्येष्ठ बँडने हा दावा कोणत्या कारणाने सोडला, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

आरंभीची लघुमुद्रिका आणि मधली लघुमुद्रिका

नवोदित बँडची लघुमुद्रिका समजण्यास सोपी असते. 'आयर्न मेडन'ने १९७८ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित केलेली तीन गाणी १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये 'द साउंडहाउस टेप्स' या नावाने काढली. पाच हजार प्रती टपालाने विकल्या गेल्या. पैसा नाही, कंपनीचा करार नाही, पण ऐकवण्यासारखे काही आहे, अशा अवस्थेतील ही कृती आहे. तिचे स्वरूप परिचयपत्रासारखे असते. येथे दावा सोडलेला नसतो. तो करण्याची ऐपत अजून आलेली नसते.

दुसरा प्रकार संधिकाळातील लघुमुद्रिकेचा. मेटॅलिकाचे बासवादक क्लिफ बर्टन यांचे २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस-अपघातात निधन झाले. त्यांच्या जागी जेसन न्यूस्टेड आले. या नव्या रचनेत बँडने प्रथम जे प्रकाशित केले ते स्वतःचे नव्हतेच. १९८७ च्या 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' या लघुमुद्रिकेत डायमंड हेड, होलोकॉस्ट, किलिंग जोक, बजी आणि मिसफिट्स या इतर बँडची गाणी मेटॅलिकाने आपल्या पद्धतीने वाजवली. विक्रेत्यांनी जास्त पैसे घेऊ नयेत म्हणून तिची किंमत, ५.९८ डॉलर, शीर्षकातच छापली होती. शोकानंतर स्वतःविषयी लगेच मोठे विधान करण्याऐवजी ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांची गाणी वाजवणे, आणि तेही स्वस्तात उपलब्ध करून देणे, ही एक विनयाची कृती होती. गुरुजनांच्या बंदिशी गाऊन पुन्हा गळा तयार करावा, तसे हे आहे. दावा येथे जाणीवपूर्वक पुढे ढकललेला दिसतो. त्यामुळेच ही लघुमुद्रिका बँडच्या मोठ्या कृतींच्या सावलीत हरवलेली नाही.

उत्तरकाळ : शरीर, शैली आणि अवशेष

थिओडोर अडोर्नो यांनी १९३७ मध्ये बीथोव्हेनच्या उत्तरशैलीविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की थोर कलावंताच्या अखेरच्या कृती पिकलेल्या फळासारख्या गोड आणि गोलाईदार नसतात. त्यांत भेगा असतात, तुटलेपण असते. एडवर्ड सैद यांच्या २००६ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'ऑन लेट स्टाइल' या ग्रंथात हाच विचार पुढे नेला आहे. बीथोव्हेनने नवव्या सिंफनीच्या काळातच, १८२४ च्या सुमारास, पियानोसाठी सहा 'बॅगटेल' रचल्या. बॅगटेल या शब्दाचा अर्थच मुळी 'किरकोळ वस्तू' असा आहे. एका बाजूला मानवजातीला उद्देशून केलेले भव्य विधान आणि दुसऱ्या बाजूला सहा लहान तुकडे, या दोन्ही गोष्टी एकाच उत्तरकाळात शेजारी नांदल्या. उत्तरकाळातील लघुकृती ही क्षीणतेची खूण असलीच पाहिजे असे नाही, याला हा आधार पुरेसा आहे.

हेवी मेटलमध्ये उत्तरकाळाचा विचार करताना शरीराला वगळता येत नाही. हा प्रकार ज्यांच्यापासून सुरू झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते त्या 'ब्लॅक सॅबथ'चे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करीत. तेथे यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि हलक्या तारा वापरून त्यांनी वादन सुरू ठेवले. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'पासून गिटारचा स्वरही खाली उतरवला. ढिल्या तारांतून आलेला तो जड, काळोखा नाद या संगीतप्रकाराची ओळख ठरला. मराठी वाचकाला येथे कुमार गंधर्वांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. क्षयरोगाच्या दीर्घ आजारानंतर देवासला ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वासाच्या मर्यादेतून आखूड, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांची एक निराळी गायकी सिद्ध झाली, असे अनेक जाणकारांनी नोंदवले आहे. दोन्ही ठिकाणी मर्यादा झाकली गेली नाही. तिच्यातून रूप घडले. ज्येष्ठ कलावंताच्या लघुकृतीलाही हाच निकष लावला पाहिजे. मर्यादेने रूप घडवले आहे, की मर्यादा केवळ सहन केली आहे?

ब्लॅक सॅबथच्या दोन उत्तरकालीन कृती या दृष्टीने तपासता येतील. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या बँडने २०१३ मध्ये '१३' ही पूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. मूळचे तालवादक बिल वॉर्ड कराराच्या वादामुळे तीत नव्हते. आयोमी यांच्यावर लिम्फोमाचे उपचार सुरू होते. तरीही १९७० नंतर प्रथमच बँडची कृती ब्रिटनमध्ये विक्रीच्या अग्रस्थानी गेली. दावा मोठा होता आणि तो बऱ्याच अंशी स्वीकारलाही गेला. त्यानंतर २०१६ मध्ये निरोपाच्या दौऱ्यात 'द एण्ड' ही मुद्रिका आली. तीत '१३'च्या वेळी ध्वनिमुद्रित होऊन बाजूला राहिलेली चार गाणी आणि कॉन्सर्टमधील चार ध्वनिमुद्रणे आहेत. ही मुद्रिका दुकानात नव्हे, तर दौऱ्यातील कॉन्सर्टच्या ठिकाणी विकली गेली.

केवळ संगीत पाहिले तर 'द एण्ड' ही अवशेषांची कृती आहे. तीतील नवी गाणी '१३'च्या कल्पनाविश्वाबाहेर जात नाहीत, आणि त्या ध्वनिमुद्रिकेत ती का घेतली गेली नसावीत याचा अंदाज करणे फारसे अवघड नाही. पण तिच्या वितरणाची रीत अर्थपूर्ण आहे. जो प्रत्यक्ष येईल त्यालाच ती मिळेल, या अटीमुळे ती वस्तू न राहता उपस्थितीची खूण झाली. यात्रेला गेलेल्याने आणलेल्या अंगाऱ्याचे मोल त्याच्या राखेत नसते. संग्राहकांच्या बाजाराचा हिशेब यामागे नव्हताच, असे मानण्याचा भाबडेपणा करण्याचे कारण नाही; परंतु त्या हिशेबाने ही खूण पुसली जात नाही. शीर्षकाने केलेला अखेरीचा दावाही पुढे काळानेच सैल केला. दौरा ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये संपला, परंतु ५ जुलै २०२५ रोजी त्याच शहरात व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे, बिल वॉर्ड यांच्यासह, पुन्हा एकत्र आले. गायक ऑझी ऑसबॉर्न यांचे २२ जुलै २०२५ रोजी निधन झाले. खरा शेवट कोणत्याही मुद्रिकेत सामावला नाही.

'बियॉण्ड मॅग्नेटिक'ची कथा वेगळी आहे. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मधून उरलेली चार गाणी मेटॅलिकाने २०११ च्या डिसेंबरमध्ये, स्थापनेच्या तिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोतील फिल्मोर सभागृहात चार रात्री झालेल्या कॉन्सर्टच्या निमित्ताने आपल्या श्रोतामंडळाला एकेक करून भेट दिली आणि नंतर ती सर्वांसाठी प्रकाशित केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गुरगावची कॉन्सर्ट रद्द होऊन ३० तारखेला बंगळूरला मेटॅलिका प्रथम भारतात वाजली होती. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक तरुण श्रोत्यांनी ही गाणी ताज्या कानांनी ऐकली. तथापि या कृतीत लघुमुद्रिकेच्या रूपाचा विचार दिसत नाही. प्रत्येक गाणे सात मिनिटांच्या आसपासचे आहे. आवर्ती स्वरवाक्ये, ज्यांना रिफ म्हणतात, एकामागून एक येत राहतात. ती जेथे सोडायला हवीत तेथे सोडलेली नाहीत. बँड दावा सोडतो, पण सवय सोडत नाही. भेट म्हणून ती प्रसन्न आहे; कलाकृती म्हणून ती 'गॅरेज डेज'च्या जवळपास पोहोचत नाही.

मुंबईची परिस्थिती : दोन दशकांनंतरची मुद्रिका

आता आपण आपल्या परिसराकडे वळू. मुंबईत रॉक संगीताला १९८० च्या दशकात मूळ धरू लागले. १९८४ मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन' पुढे १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला, १९९७ मध्ये थांबला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' ही अवघ्या आठ गाण्यांची ध्वनिमुद्रिका घेऊन परतला. धोबी तलावाजवळील रंगभवनात होणारा 'इंडिपेण्डन्स रॉक' महोत्सव हे अनेक वर्षे या संगीताचे माहेरघर होते. शांतताक्षेत्राच्या निर्बंधांमुळे ते खुले रंगमंदिर या कार्यक्रमांसाठी बंद झाले. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर केली, तेव्हा या संगीताला येथे किती श्रोते आहेत हे शहराने पाहिले. श्रोते होते, येथील बँडना वाजवायला जागा मात्र फारशा नव्हत्या.

'डिमॉनिक रेझरेक्शन'ची वाटचाल या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. गुरगुरता आणि स्वच्छ असे दोन्ही कंठस्वर, वेगवान तालवादन आणि कीबोर्डने उभा केलेला सिंफनीसदृश विस्तार हे या बँडच्या शैलीचे ठळक विशेष आहेत. २००० च्या 'डेमनस्टीलर'नंतर २००५ मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स' आली. तिच्यापासून सुरू झालेल्या अंधार-त्रयीचा मधला भाग म्हणजे २००७ ची 'बियॉण्ड द डार्कनेस' ही लघुमुद्रिका, आणि शेवटचा भाग म्हणजे २०१० ची 'द रिटर्न टु डार्कनेस'. या शेवटच्या कृतीला ब्रिटनच्या 'कॅण्डललाइट रेकॉर्ड्स'ने जगभर नेले आणि त्याच वर्षी 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार बँडला मिळाला. २०१४ मध्ये 'द डिमन किंग' आणि २०१७ मध्ये 'दशावतार' या ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'दशावतार'मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांच्या नावांची दहा गाणी आहेत आणि भारतीय संगीतातील घटकांचाही वापर आहे.

या क्रमात लघुमुद्रिका दोनदा येते, आणि दोन्ही वेळा तिचे कार्य निराळे आहे. २००७ ची मुद्रिका दोन मोठ्या कृतींमधला सेतू आहे. त्रयीचा मधला भाग लहान असावा ही रचनेची निवड आहे, कारण मधल्या भागाला आरंभाचा जोम नसतो आणि समाप्तीचा अधिकारही नसतो. २०२० ची मुद्रिका मात्र कोणत्याही त्रयीचा भाग नाही. तिच्या शीर्षकात 'डार्कनेस' हा त्रयीचा शब्द परत येतो, पण त्याच्याआधी आता 'डिकेड्स' हा कालगणनेचा शब्द आहे. पूर्वी अंधार हे कथेतील स्थळ होते. तेथे उतरता येत होते, पलीकडे जाता येत होते, परतताही येत होते. आता अंधार मोजला जात आहे. कथा संपून चरित्र सुरू झाले आहे, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

हा बदल 'दशावतार'नंतर येतो, हेही महत्त्वाचे आहे. दहा अवतारांची संपूर्ण मांडणी करणे हा बँडने केलेला सर्वांत मोठा दावा होता. कोकणातील दशावतारी नाटक या बाबतीत एक वेगळी समज देते. तेथे नाव दहा अवतारांचे असते, पण आडदशावतारात संकासुराचा खेळ झाल्यावर रात्रभर रंगते ते एखादेच आख्यान. दहांचे ओझे नावावर ठेवून प्रयोग एका कथेत मोकळा होतो. मेटल बँडने दहाही अवतार गायले. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच बँडने आपल्याच दोन दशकांकडे लहान मुद्रिकेतून पाहावे, यात विरोधाभास नाही. पुराणाच्या मापाने मांडणी करून झाल्यावर स्वतःचे माप किती लहान आहे, हे ओळखणे यात आहे.

पण वीस वर्षांचा हा बँड म्हणजे नेमके कोण, असाही प्रश्न विचारला पाहिजे. सदस्य बदलत गेले. माखिजा हेच आरंभापासूनचे सातत्य आहेत. ब्लॅक सॅबथमध्येही अखंड राहिले ते आयोमीच. बर्मिंगहॅममध्ये सदस्य येत-जात राहिले तरी कंपनी, दौरे आणि स्वामित्वधन यांची व्यवस्था बँडला तोलून धरीत होती. मुंबईत तशी व्यवस्था नाही. माखिजा यांना स्वतःच 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही प्रकाशनसंस्था काढावी लागली, महोत्सव भरवावे लागले. 'हेडबँगर्स किचन' या पाककृतींच्या वाहिनीमुळे ते मेटल न ऐकणाऱ्यांनाही परिचित आहेत. येथे संगीताचा खर्च संगीताबाहेरून भागवावा लागतो. अशा ठिकाणी लघुमुद्रिका हे केवळ सौंदर्यविचाराने निवडलेले रूप राहत नाही. ते परवडणारे रूपही असते.

शिवाय वर्ष २०२० चे होते. मार्चच्या अखेरीपासून टाळेबंदी सुरू झाली. सभागृहे, मैदाने, तालमीच्या खोल्या बंद झाल्या. ज्या वर्षी बँडला आपल्या श्रोत्यांपुढे उभे राहून वीस वर्षे साजरी करायची, त्याच वर्षी एकत्र येणेच शक्य नव्हते. 'द एण्ड' आणि 'डिकेड्स ऑफ डार्कनेस' या दोन मुद्रिका येथे एकमेकींच्या समोर उभ्या राहतात. एक मुद्रिका कॉन्सर्टला आलेल्यालाच मिळत होती. दुसरी निघाली तेव्हा कॉन्सर्टच नव्हती. पहिलीत लघुमुद्रिका ही उपस्थितीची खूण होती. दुसरीत ती अनुपस्थितीची पूर्ती झाली. एकाच रूपाला दोन ठिकाणी असे विरुद्ध अर्थ लाभतात. म्हणून ज्येष्ठांच्या लघुमुद्रिकेविषयी पाश्चात्त्य समीक्षेत रूढ झालेला 'व्यापारी उपचार' हा शेरा मुंबईतील कृतीवर जसाच्या तसा चिकटवणे अन्यायाचे होईल.

कोपर-डोंबिवलीहून पाहताना

या विवेचनाला आमच्या परिसराचा एक संदर्भ जोडणे आवश्यक वाटते. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधील कोपर हे दुमजली स्थानक आहे. खालून मध्य रेल्वेची उपनगरी गाडी जाते, वरून दिवा-वसई मार्ग जातो. येथील तरुणाला कॉन्सर्ट ऐकायची असेल तर वांद्रे, परळ, अंधेरी गाठावे लागते आणि शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून कार्यक्रम अर्धवट सोडावा लागतो. गिटार वाजवणाऱ्याला ती पाठीवर घेऊन गर्दीच्या डब्यात शिरावे लागते. २०२० च्या मार्चमध्ये ही गाडी सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंदच राहिली. शहराच्या टोकाला राहणाऱ्या श्रोत्याचे मैफलीशी असलेले नाते किती नाजूक धाग्यावर उभे आहे, हे त्या दहा महिन्यांत कळले. त्या काळात घरी पोहोचलेली छोटी मुद्रिका ही त्याच्यासाठी गौण कृती नव्हती.

दुसरी बाब वर्गाची. हेवी मेटल बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या सावलीत जन्मले. आयोमींचे बोट कारखान्यातच तुटले. ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ हाही औद्योगिक पट्टा आहे. परंतु येथील कामगाराने आपले दुःख शाहिरीतून, लोकनाट्यातून, भजनी मंडळातून मांडले. मेटल हे प्रामुख्याने इंग्रजी शिकलेल्या महाविद्यालयीन तरुणांचे संगीत राहिले. 'भयानक मौत' या मुंबईच्या बँडचे नाव देशी आहे, पण या वर्तुळातील गाण्यांची भाषा बहुतांशी इंग्रजीच आहे. यावरून हे संगीत उसने आहे असा निर्णय लगेच देणे सोपे आहे. तथापि आपल्याकडील कादंबरी, भावकविता आणि गद्य नाटक ही रूपेही बाहेरूनच आली होती. उसन्या रूपात कोणी दोन दशके टिकून काम केले की ते रूप उसने उरते का, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी तरी खुला ठेवावा.

येथे एका धोक्याचीही नोंद करणे इष्ट ठरेल. प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहिल्याबद्दल वाटणारा आदर हा कलाकृतीवरील अभिप्राय म्हणून खपवला जातो. वर्धापनाची मुद्रिका तर त्या आदरालाच आवाहन करते. स्मरणिकेतील लेखांकडे आपण जशा सौम्य नजरेने पाहतो, तशाच नजरेने आपण ती ऐकतो. ही सौम्यता बँडच्या हिताची नाही. ज्याने २००७ मध्ये लघुमुद्रिकेला त्रयीत निश्चित जागा दिली, त्याच्याकडून २०२० मध्येही तेवढ्याच रचनाविचाराची अपेक्षा ठेवणे हाच त्याचा खरा सन्मान आहे. या कसोटीवर स्मरणाची मुद्रिका सेतूच्या मुद्रिकेपेक्षा उणी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्धापन हे कारण बाहेरचे आहे. दिनदर्शिकेने दिलेले आहे. त्रयीचा मधला भाग असणे हे कारण कृतीच्या आतले आहे. परिस्थितीने २०२० च्या मुद्रिकेला सामाजिक अर्थ दिला, आणि तो मोठा आहे. परंतु तो रचनेतून आलेला अर्थ नाही. हे दोन अर्थ वेगळे ठेवणे समीक्षेसाठी अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी हाती लागतात. लघुमुद्रिकेची लघुता मिनिटांत नसून दाव्यात असते. नवोदिताला तो दावा परवडत नाही. संधिकाळात तो विनयाने पुढे ढकलला जातो. उत्तरकाळात तो सोडला जातो. सोडण्यामागे आंतरिक गरज असेल तर लहान कृतीही बीथोव्हेनच्या 'किरकोळ' तुकड्यांप्रमाणे भव्य कृतीच्या शेजारी ताठ उभी राहते. गरज केवळ उरलेले साहित्य खपवण्याची असेल, तर भेट, प्रसाद किंवा स्मरणचिन्ह एवढेच तिचे मोल राहते. बर्मिंगहॅम, सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई येथील उदाहरणांत या दोन्ही प्रवृत्ती कमीअधिक प्रमाणात मिसळलेल्या दिसतात, आणि मुंबईत त्यांच्या जोडीला परवडण्याचा व पोहोचण्याचा प्रश्न येतो.

आमच्या महाविद्यालयांत हे संगीत ऐकणारे विद्यार्थी दरवर्षी येतात. वर्गात तीन मिनिटांच्या तबकडीचे आणि भावगीताचे ऋण सांगताना, त्यांच्या कानातील चार गाण्यांची मुद्रिकाही त्याच इतिहासाचा पुढचा दुवा आहे, हे त्यांना दाखवून देता येईल. त्यासाठी अध्यापकाला हे संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. ते किती लहान आहे आणि का लहान आहे, हे मात्र त्याने नीट ऐकून घेतले पाहिजे.